दोन सह्या

बांधकाम चालू असलेलं घर वेळेवर मिळालं नाही, तर त्या उशिराचे पैसे कोण भरणार हे ठरवायची संधी घेणाऱ्याला दोनदा मिळते. एकदा करारनाम्यावर सही करण्याआधी आणि एकदा किल्ली हातात घेण्याआधी. या दोन्ही वेळी बिल्डरला आपली सही हवी असते, म्हणून तो आपलं ऐकतो. मधल्या काळात पत्रं लिहिता येतात, भेटी मागता येतात, भांडताही येतं. पण त्याला आपली गरज उरलेली नसते. मी दोन्ही वेळा काही न बोलता सही केली. मी वकील आहे. पुण्यात दिवाणी बाजूला काम करते. बरीच वर्षं बँकांच्या पॅनेलवर होते, म्हणजे लोक जी घरं कर्जावर घेत त्यांच्या जमिनीचे सर्च रिपोर्ट माझ्या सहीने जात. तेव्हा मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

2012 मध्ये आम्ही कर्वेनगरला वन बीएचकेमध्ये राहत होतो. सासरे गेल्यावर सासूबाई वाईहून आमच्याकडे आल्या, मुलगा मोठा होत होता आणि घर अपुरं पडायला लागलं. नवऱ्याची नोकरी हिंजवडीला. त्याचे रोजचे दोन-तीन तास रस्त्यात जात. वाकडच्या एका प्रकल्पात पाचव्या मजल्यावरचा टू बीएचके आम्हाला आवडला. किंमत 54 लाख. बिल्डरचं परिसरात नाव चांगलं होतं. आधीच्या इमारती उभ्या होत्या, त्यांत लोक राहत होते.

कागद मी स्वतः पाहिले. सातबारा, फेरफार, बिनशेतीचा आदेश, मूळ मालकांबरोबरचा विकसन करारनामा, कुलमुखत्यारपत्र, मंजूर नकाशे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसून तीस वर्षांचा शोध घेतला. जमिनीवर बोजा नव्हता, वारसांचा वाद नव्हता. असा रिपोर्ट मी शेकडो लोकांसाठी लिहिला होता: हक्क निर्वेध व विक्रीयोग्य. जमीन स्वच्छ आहे म्हणजे घर सुरक्षित आहे, अशी माझी समजूत त्या कामातूनच तयार झाली होती. बँकेच्या वकिलाला विचारलेला प्रश्न हक्काचा असतो. घर कधी मिळणार, हा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही. बँकेला त्याची तितकी गरजही नसते, कारण ताबा मिळो न मिळो, कर्जाचं व्याज चालू राहतं आणि कर्जदाराच्या पगारातून ते वसूल होतं. मी घर घेणारी म्हणून कागद वाचायला हवे होते. मी ते बँकेच्या पॅनेलवरची वकील म्हणून वाचले.

करारनाम्यात ताब्याचं कलम होतं. महाराष्ट्रात फ्लॅटविक्रीवरच्या 1963 च्या मोफा कायद्याने बिल्डरवर ताब्याची तारीख लेखी देण्याचं बंधन घातलेलं आहे, त्यामुळे तारीख होती: 31 डिसेंबर 2014. त्यापुढे सहा महिन्यांची सवलत. त्यापुढे कारणांची यादी. सिमेंट, लोखंड, वाळू, पाणी, वीज किंवा मजूर यांची टंचाई, कोणत्याही सरकारी कार्यालयाकडून परवानगी मिळायला लागलेला उशीर, आणि शेवटी विकसकाच्या नियंत्रणाबाहेरचं इतर कोणतंही कारण. यांपैकी काही घडलं की मुदत तितकी वाढणार होती. दुसऱ्या एका कलमात, आम्ही हप्ता द्यायला उशीर केला तर वार्षिक 18 टक्के व्याज लावलं होतं. त्याने ताबा द्यायला उशीर केला तर तो काय देणार, याबद्दल करारात काहीच नव्हतं. मोफाच्या आठव्या कलमाप्रमाणे व्यवहार मोडून पैसे 9 टक्के साध्या व्याजाने परत मागता आले असते, एवढाच आधार.

मी हे कलम वाचलं होतं. त्यावर पेन्सिलने खूणही केली होती. सेल्स मॅनेजर म्हणाला, “मॅडम, हा आमचा स्टँडर्ड ड्राफ्ट आहे. सगळ्यांना एकच.” मला हे पटलं, कारण इतर बिल्डरांचे मसुदेही मी असेच पाहिले होते. दसऱ्याच्या मुहूर्तावर बुकिंग केलं तर दर एक, नंतर दुसरा, असंही त्याने सांगितलं होतं. मला वाटलं, यादी छापील आहे, वापरली जाणार नाही. आणि वापरलीच तर पुढे बघू. नवऱ्याने विचारलं, “हे ठीक आहे ना?” मी म्हटलं, “नेहमीचंच आहे.” त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवून सही केली. ती खूण केलेली ओळ मी तेव्हाच पुढे करायला हवी होती. बिल्डरने सगळं मान्य केलं नसतं, पण यादीतलं शेवटचं वाक्य कदाचित निघालं असतं, आमच्यावर जेवढं व्याज तेवढंच त्याच्यावर, हे कदाचित झालं असतं. त्याने स्पष्ट नकार दिला असता तर निदान कोणाशी व्यवहार करतो आहोत हे कळलं असतं.

त्याच टेबलावर दुसरी चूक झाली. करारनामा नोंदवल्यावर नव्वद टक्के रक्कम एकदम दिली तर प्रति चौरस फूट दोनशे रुपयांची सवलत मिळत होती. विक्रीयोग्य क्षेत्र 1,050 चौरस फूट. सवलत 2 लाख 10 हजार. आम्ही कर्वेनगरचं घर विकलं, उरलेल्यासाठी 28 लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी घेतलं आणि ते सगळं बिल्डरच्या खात्यात गेलं. त्या वेळी बँका बांधकाम पायथ्याशी असतानाही अशी मोठी रक्कम देत असत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्ये कर्जवाटप बांधकामाच्या टप्प्यांशी बांधायला सांगितलं. आमचे पैसे त्याआधीच गेले होते. त्या कर्जाचं व्याज वर्षाला जवळजवळ तीन लाख होत होतं. म्हणजे मिळालेली सवलत वर्ष संपायच्या आत व्याजात गेली. त्याहून मोठं नुकसान असं की पुढच्या सगळ्या वर्षांत बिल्डरला आमच्याकडून घ्यायचं असं फारसं काही उरलं नाही. ज्यांचे हप्ते टप्प्याटप्प्याने होते, ते निदान पुढचा हप्ता थांबवून प्रश्न विचारू शकत होते. आमच्याकडे विचारायला प्रश्न होते, थांबवायला काही नव्हतं.

2014 च्या पावसाळ्यापर्यंत सात मजल्यांचे स्लॅब झाले आणि काम मंदावलं. आधी कारण वाळूचं मिळालं. पर्यावरण मंजुरीशिवाय वाळूउपशाला राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये मनाई केल्यानंतर वाळूची टंचाई खरोखरच होती, आणि ते कारण आमच्या करारातल्या यादीत होतं. मग मजूर गावी गेले. पुढे नोटाबंदी आली, मग जीएसटी आला. प्रत्येक कारणाचं एक पत्र येई, आणि प्रत्येक पत्रात करारातल्या त्या कलमाचा क्रमांक असे.

खरं कारण मला खूप उशिरा कळलं, आणि ते मी 2012 मध्येच वाचलेलं होतं. इमारत अकरा मजल्यांची दाखवली होती, विक्रीही अकरा मजल्यांची चालली होती. महापालिकेची बांधकाम परवानगी, जिला आपण सीसी म्हणतो, सात मजल्यांपुरती होती. वरचे चार मजले टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन, सुधारित नकाशा मंजूर करून चढवायचे होते. करारनाम्यात ते एका ओळीत लिहिलेलं होतं. माझा फ्लॅट पाचव्या मजल्यावर, मंजूर भागात. म्हणून वरच्या मजल्यांची ओळ माझ्या कामाची नाही असं मी धरलं. पण भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, बिल्डरने मागितलं ते पूर्ण इमारतीसाठी. वरचे मजले वाढले तसं प्रकल्पाचं एकूण बांधकाम वीस हजार चौरस मीटरच्या पुढे गेलं, आणि तेवढ्या बांधकामाला राज्यस्तरीय प्राधिकरणाची पर्यावरण मंजुरी लागते. टीडीआर, सुधारित नकाशा, पर्यावरण मंजुरी, पुन्हा नकाशा, अशी ती साखळी होती. 2016 मध्ये आमच्या फ्लॅटमध्ये फरशी बसली होती, खिडक्या लागल्या होत्या. घर तयार होतं, आणि त्यात राहायला जाण्याची परवानगी त्यावरच्या न बांधलेल्या मजल्यांत अडकली होती. सीसी किती मजल्यांची आहे आणि विक्री किती मजल्यांची चालली आहे, हे दोन आकडे शेजारी मांडले असते तर मला हे 2012 मध्येच दिसलं असतं. दोन्ही आकडे माझ्या फाइलमध्ये होते.

या काळात आम्ही भाड्याच्या घरांत राहिलो. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार संपत आला की घरमालक भाडं वाढवायचा किंवा घर मागायचा. कर्जाची सवलतीची मुदत संपल्यावर पूर्ण हप्ता सुरू झाला, ताबा नसतानाही. त्यामुळे हप्ता आणि भाडं दोन्ही एकाच पगारातून जात होतं. प्राप्तिकर कायद्याच्या कलम 54 प्रमाणे जुन्या घराच्या नफ्यावरची सूट टिकवायची तर नवं घर तीन वर्षांत बांधून व्हायला हवं होतं. ते झालं नव्हतं. खुलासे द्यावे लागले. पैसे वेळेत घरात गुंतवले होते हे दाखवल्यावर ते प्रकरण मिटलं. गृहकर्जाच्या व्याजाचं मात्र मिटलं नाही. स्वतः राहण्याच्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळत होती, पण कर्ज घेतलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पुरं झालं तरच. नाहीतर मर्यादा तीस हजार. आमची पाच वर्षं 31 मार्च 2018 ला संपली. ओसी 2019 मध्ये आली. ती वजावट कर्ज फिटेपर्यंत कमीच राहिली.

पैशांचे हिशेब मी सहज मांडू शकते. सासूबाईंचा हिशेब मला अजून मांडता येत नाही. कर्वेनगरला त्यांच्या ओळखी होत्या, रोजचं देऊळ होतं, समोरच्या काकू होत्या. ते घर आम्ही विकलं तेव्हा त्यांना सांगितलं होतं की दोन वर्षांत मोठं घर, लिफ्ट, तुमची वेगळी खोली. मिळालं ते दर वर्ष-दीड वर्षाला नवं घर, नवे शेजारी, आणि त्यातली दोन घरं लिफ्ट नसलेल्या इमारतीत, वरच्या मजल्यांवर. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांचं खाली उतरणंच थांबलं. त्यांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. नव्या घराचा ताबा मिळायच्या आधी जुनं घर विकायचं नाही, हे मी आज कोणालाही सांगते ते त्यांच्यामुळे.

1 मे 2017 ला गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला. चालू प्रकल्पांना 31 जुलैपर्यंत महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी करायची होती. आमच्या बिल्डरने नोंदणी केली आणि पूर्णत्वाची तारीख लिहिली 31 डिसेंबर 2019. संकेतस्थळावर ती पाहून आमच्यापैकी अनेकांना वाटलं की आता हीच तारीख, त्याआधी काही मागता येणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 6 डिसेंबर 2017 ला नीलकमल रिअल्टर्सच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं: कलम 18 खालचा उशीर करारनाम्यातल्या तारखेपासून मोजायचा, नोंदणीत नव्याने लिहिलेल्या तारखेपासून नाही. त्या कलमाप्रमाणे घेणाऱ्याला प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे परत मागता येतात. बाहेर पडायचं नसेल तर ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागता येतं. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआरवर, म्हणजे कर्जाच्या पायाभूत दरावर, आणखी दोन टक्के. उशीर कोणाचाही असो, दर तोच. आमच्या 18 टक्क्यांच्या कलमासमोर करारात जी जागा कोरी राहिली होती, ती कायद्याने भरली.

पैसे परत घेण्याचा विचार आम्ही केला आणि सोडून दिला. तोपर्यंत त्या परिसरातले भाव वाढले होते. परत मिळालेल्या रकमेत आणि व्याजात तेवढंच घर तिथे मिळालं नसतं, आणि कर्वेनगरचं घर तर गेलंच होतं. व्याज घेऊन थांबणं, हा आमच्यासाठी योग्य मार्ग होता. भरलेल्या रकमेवर ते वर्षाला साधारण पाच लाख होत होतं. मी तक्रारीचा मसुदाही तयार केला. दाखल केला नाही. ताबा लवकरच मिळेल असं बिल्डर सांगत होता, आणि तक्रार केली तर तो आपलंच काम मागे टाकेल अशी भीती होती. माझे पक्षकार असं बोलत तेव्हा मी त्यांना समजावत असे की भीतीने मुदत वाढत नाही. स्वतःच्या बाबतीत मी तेच केलं.

2018 च्या गुढीपाडव्याच्या आधी निरोप आला: फर्निचरसाठी ताबा देतो, ओसी येतेच आहे. बिल्डरच्या कार्यालयात किल्ल्या टेबलावर ठेवलेल्या होत्या आणि शेजारी एक पानाचं पत्र. त्यात लिहिलं होतं की फ्लॅट पाहिला, समाधान आहे, ताब्याला झालेल्या उशिराबद्दल विकसकाकडे कोणतीही मागणी नाही आणि पुढे करणार नाही. पत्र दिल्याशिवाय किल्ली नाही. भाड्याच्या घराची मुदत त्या महिनाअखेर संपत होती. मालकाने घर मागितलं होतं. सासूबाईंना आणखी एक जिना चढवायचा नव्हता. नवरा माझ्याकडे बघत होता.

मी ते पत्र वाचून मनात ठरवलं की असं पत्र टिकत नाही. किल्लीच्या बदल्यात लिहून घेतलेली हक्कसोड ही मुक्त संमती नाही, ओसीशिवाय दिलेला ताबा हा कायदेशीर ताबाच नाही, पुढे हे सगळं मांडता येईल. त्यातला प्रत्येक मुद्दा बरोबर होता. मी सही केली. माझ्या ज्ञानाचा मला तिथे तोटा झाला. कायदा न जाणणारा माणूस ते पत्र वाचून घाबरला असता, कोणाला तरी फोन केला असता, एक दिवस मागितला असता. मी पुढे लढता येईल या भरवशावर, लढायची वेळच येऊ नये यासाठी जे करायचं ते केलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्याच आठवड्यात तेही किल्ली घ्यायला गेले. त्यांनी पत्रातलं उशिराचं वाक्य खोडलं आणि सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: विलंबाचं व्याज मागण्याचा हक्क राखून ताबा घेत आहे. कार्यालयाने किल्ली दिली नाही. ते घरी गेले, तेच वाक्य ईमेलने पाठवलं आणि रजिस्टर पोस्टानेही. नंतर किल्ली मिळाली. मधल्या काळात ते बहिणीकडे राहिले. मलाही ते जमलं असतं. भाड्याच्या मालकाकडे दोन आठवडे मागायचे होते, जास्तीचं भाडं देऊन मागायचे होते. मी मागून पाहिलेही नाहीत.

आत राहायला गेल्यावर ओसी नसण्याचा अर्थ कळला. महापालिकेचं नळजोड नाही. पाणी टँकरचं, त्याची वर्गणी आमची. बिल्डरची निकड मात्र संपली होती, कारण त्याच्या दृष्टीने घरं दिलेली होती. ओसी आली ती आणखी वर्षभराने.

2019 मध्ये मी महारेराकडे तक्रार केली. बिल्डरच्या वकिलाने ते पत्र दाखल केलं आणि एकच वाक्य म्हटलं: तक्रारदार स्वतः वकील आहेत, कशावर सही करतात हे त्यांना माहीत होतं. ते खरं होतं. दबावाचा मुद्दा मी मांडला, पण पुरावा दाखवायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे त्या दिवशीचा एकही कागद नव्हता, निषेधाची एक ओळ नव्हती. प्रकरण सलोखा मंचाकडे गेलं आणि तीन लाख रुपये व दोन वर्षांची देखभाल वर्गणी माफ, यावर मिटलं. खालच्या गृहस्थांना पूर्ण काळाच्या व्याजाचा आदेश मिळाला. बिल्डरने अपील केलं, पण कलम 43 प्रमाणे अपील सुनावणीला यायचं तर त्याला आदेशातली सगळी रक्कम आधी जमा करावी लागते. त्यामुळे त्यांचे पैसे अपील चालू असतानाच सुरक्षित झाले. आदेश हातात असूनही वसुलीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात वॉरंट घेऊन खेपा घालणारे लोक मी पाहिले आहेत; त्यांच्या वाट्याला तेही आलं नाही.

पुढच्या वर्षी, 24 ऑगस्ट 2020 ला, सर्वोच्च न्यायालयाने बंगळुरूच्या एका डीएलएफ प्रकल्पाबद्दल निकाल दिला. ताबा घेतला, खरेदीखत केलं म्हणून उशिराच्या भरपाईचा हक्क जात नाही; हक्क सोडा तरच खरेदीखत करतो, ही बिल्डरची अट अवाजवी आहे, असं न्यायालयाने म्हटलं. मी तो निकाल आशेने वाचायला घेतला. शेवटाकडे असं होतं की ज्या खरेदीदारांनी बिल्डरशी स्वतंत्र तडजोडपत्रं केली होती, त्यांना या भरपाईतून वगळलं आहे. माझं पत्र आणि त्यांची तडजोड यांत फरक होता, तो मी आजही कायद्याच्या भाषेत मांडू शकते. पण सही करताना हा फरक ज्याच्या मनात असतो, त्याने तो तिथेच कागदावर लिहायला हवा.

त्यानंतर मी बँकांचं काम हळूहळू कमी केलं आणि घर घेणाऱ्यांचे करार त्यांच्या बाजूने वाचायला लागले. गेल्या वर्षी भाचीने ठाण्यात घर बघितलं. “आत्या, टायटल क्लिअर आहे ना एवढंच बघ,” म्हणाली. ते मी शेवटी बघितलं.

आधी महारेराच्या संकेतस्थळावर तो प्रकल्प उघडला. पूर्णत्वाची तारीख कितीदा वाढवली, तिमाही प्रगती वेळेवर भरली आहे का, सीसी किती मजल्यांची, विकलेले फ्लॅट किती, त्यांतले किती सीसीच्या वर. मग तिचा मसुदा महारेराच्या आदर्श करारनाम्याशेजारी ठेवला. मुदतवाढीच्या कारणांचं कलम आता बदलता येत नाही. कायद्यातली यादी युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि नैसर्गिक आपत्ती एवढी आहे, वाळू आणि मजूर तिच्यात नाहीत. तरी मसुद्याच्या एका परिशिष्टात “परवानग्या मिळण्याच्या अधीन” असे शब्द शिरलेले होते. ते काढायला सांगितले. दोन आठवडे गेले, शब्द निघाले. करारातली ताब्याची तारीख आणि महारेराकडची तारीख यांत वर्षाचा फरक होता. कोणती धरायची ते करारात लिहून घेतलं.

पैशांचे टप्पे पाहिले. आदर्श करारनाम्यात करारानंतर जास्तीत जास्त 30 टक्के, पायथ्यापर्यंत 45, सगळे स्लॅब झाल्यावर 70, आणि पुढे भिंती, नळ, बाहेरचा गिलावा, लिफ्ट असं करत 95 टक्क्यांपर्यंत जाता येतं. शेवटचे पाच टक्के ओसीनंतर ताबा देताना. स्लॅब संपता संपता इतके पैसे गेलेले असतात आणि सर्वांत जास्त रेंगाळणारं काम त्यानंतरचं असतं, हे तिला दाखवलं. लवकर पैसे भरण्याची सवलत तिच्या बिल्डरनेही देऊ केली होती. तिने ती घेतली नाही. करारनामा नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त मागणं कायद्यात बसत नाही, हे तिने सेल्स ऑफिसमध्ये स्वतः सांगितलं.

त्याच भागातलं ओसी मिळालेलं एक घरही आम्ही पाहिलं. किंमत जास्त होती, पण त्यावर जीएसटी नव्हता, आणि बांधकाम चालू असलेल्या तिच्या घरावर तो पाच टक्के होता. त्यात दीड-दोन वर्षांचं भाडं मिळवलं तर दोन्ही घरांतलं अंतर बरंच कमी होत होतं. तरी तिच्या कार्यालयापासून ते लांब पडत होतं, म्हणून तिने नवंच घेतलं. सध्याचं भाड्याचं घर सोडलेलं नाही, आणि ताब्याच्या तारखेपुढचं वर्षभराचं भाडं वेगळ्या ठेवीत आहे.

तिचा ताबा अजून व्हायचा आहे. बिल्डर तारीख पाळेल की नाही हे मी सांगू शकत नाही. ते कोणत्याही वकिलाला सांगता येत नाही. पण किल्लीच्या दिवशी कोणता कागद समोर येऊ शकतो हे मी तिला सांगितलं आहे. सहीच्या वर लिहायचं वाक्य करारनाम्याच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावलं आहे. ते खालच्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांचं वाक्य आहे. त्यांना मी विचारून घेतलं. ते म्हणाले, खुशाल द्या, आणि तिला सांगा की त्या दिवशी घाई करू नकोस.